दोन घमेली मीठ

प्रियलचे पत्र आले तेव्हा जानेवारी होता. पाकिटावरचा पत्ता शाईच्या पेनाने लिहिलेला होता, त्यामुळे पोस्टमनने ते देताना माझ्याकडे जरा आदराने पाहिले. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. द्यायचे नाही असे ठरवले होते, असेही नाही. मी आयुष्यात फारसे काही ठरवलेलेच नाही. पत्र वाचून मी शब्दकोशात ठेवले आणि पुढचे तीन महिने शब्दकोशाला हात लावला नाही. त्या काळात दोन-तीन शब्दांचे अर्थ अडले. ते अडलेलेच राहू दिले.

अगदी प्रयत्न केला नाही असे नाही. मायना काय लिहावा यात आठ दिवस गेले. 'चिरंजीव' म्हणावे तर ओळख नाही, 'आदरणीय' म्हणावे तर ती माझ्या नातीच्या वयाची, 'महोदया' म्हणजे वीज मंडळाला तक्रार केल्यासारखे. मी लग्न केले नाही, तरी नातीचे वय कशाला म्हणतात तेवढे मला कळते. शेवटी 'प्रिय प्रियल' असे लिहिले, ते मोठ्याने वाचले, आणि कागद फाडला.

पत्र असे होते. ती वास्तुविशारद. जळगावची. आजोबांची डाळ मिल. भाऊ अर्पित याने नवी कंपनी काढलेली, जी शेतकऱ्यांना मोबाइलवर हवामानाचा आणि पिकांचा सल्ला देते. पस्तीस मुलेमुली तिथे काम करतात. त्यांच्यासाठी मेहरूण तलावाच्या पलीकडे ती नवी कचेरी बांधत होती. तिने लिहिले होते, 'एसीमध्ये शाल पांघरून बसायचं आणि शेतकऱ्याला फोनवर सांगायचं की भाऊ, आज ऊन फार आहे, याची मला लाज वाटते.' म्हणून या कचेरीत कोणाचीच खुर्ची ठरलेली नसणार होती. सकाळी झाडाखाली, दुपारी जाड भिंतींच्या आत, संध्याकाळी छतावर, असे काम सावलीबरोबर फिरणार होते. आतल्या भिंती कुडाच्या, म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर माती लिंपलेल्या, आणि रुळांवर सरकणाऱ्या. मोठी बैठक असली की भिंत बाजूला, नसली की जागेवर. जागेवरची पाचही कडुनिंबाची झाडे तशीच. आणि वर छत धाब्याचे.

इथपर्यंत वाचून मला आनंद झाला होता. पुढे प्रश्न होता.

'तुमच्या पुस्तकात पान ३१ वर दिलं आहे की धाब्याच्या सगळ्यात वरच्या थरासाठी शंभर घमेली मातीत दोन घमेली मीठ मिसळावं, म्हणजे पाणी मुरत नाही. हे मीठ खडे मीठ घ्यायचं की दळलेलं? आयोडीनचं चालेल का? मी खूप शोधलं, पण दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ही माहिती नाही.'

दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती, कारण ती मी रचली होती.

हे सांगायचे तर त्या पुस्तकाबद्दल सांगावे लागेल, आणि पुस्तक म्हणणे हीच मुळात बढाई आहे. चौसष्ट पानांची पुस्तिका. मी धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात बांधकाम हा विषय बत्तीस वर्षे शिकवला आणि बत्तीस वर्षांत एक वीट रचली नाही. फळ्यावर मात्र माझ्या भिंती अगदी ओळंब्यात असत. अडतिसाव्या वर्षी मला वाटले की आपल्या खानदेशातली धाब्याची घरे आता जाणार, कोणीतरी नोंद करायला हवी. धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. खाली तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे बारीक फाट्यांचा बिछाना, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर मातीचे थर. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांतही खाली माणूस डाळ-भात खाऊन शांत झोपू शकतो. रविवारी एसटीने गावोगाव फिरून मी 'खानदेशची धाबी' ही पुस्तिका लिहिली आणि पदरमोड करून तीनशे प्रती छापल्या. पहिल्या महिन्यात पंचवीस प्रती खपल्या, तेव्हा मी हुरळून गेलो. मग कळले की बसस्टँडवरच्या विक्रेत्याने ती 'शेवभाजीचे सोळा प्रकार' याच्या शेजारी मांडली होती आणि लोक ती हायवेवरच्या धाब्यांची माहिती समजून घेत होते. एका ट्रकवाल्याने परत आणून दिली. उरलेल्या प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

आता पान ३१. चोपड्याकडच्या एका गावात एक म्हातारा धाब्यावर पांढुरकी माती पसरत होता. मी खाली छत्री घेऊन उभा. वर काय टाकता, असे मी विचारले. तो म्हणाला, "खारी." खारी म्हणजे काय, तर म्हणाला, "खारी म्हनजे खारी." मी आणखी विचारणार होतो, पण तेवढ्यात हातपंपावरच्या दोन बाया हसल्या. निरभ्र आकाशाखाली छत्री घेतलेल्या माणसाला कोणीही हसेल. पण मला वाटले, माझा प्रश्न चुकला. मी त्याचे आभार मानले आणि स्टँडवर आलो. एसटीत बसल्यावर जोडत गेलो: खारी, खारट, मीठ. घरी शब्दकोश पाहिला, 'खार' या शब्दापुढे मीठ असा अर्थ दिला होता. शब्दकोशाने माझी पाठ थोपटली. पण नुसते 'मीठ मिसळावे' हे शास्त्रीय वाटेना. प्रमाण हवे. दोन टक्के बरे दिसले. मुद्रिते तपासताना एकदा मनात आले की त्या म्हाताऱ्याला पुन्हा जाऊन विचारावे. पण पुन्हा त्या हातपंपापुढून जायचे, म्हणून राहिले.

माझे नाव तोताराम. पोपट ऐकलेले तरी बोलतो. मी न ऐकलेले छापले.

तर प्रियलला उत्तर द्यायचे म्हणजे खडे की दळलेले, यातले एक सांगायचे किंवा सगळेच सांगायचे. मी काहीच सांगितले नाही. उत्तर आले नाही की लोक नाद सोडतात, असा माझा अनुभव आहे. पण तो माझ्यासारख्या लोकांचा अनुभव आहे.

एप्रिलमध्ये, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला दहा दिवस असताना, धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरापुढे गाडी थांबली आणि प्रियल आणि अर्पित उतरले. दार अक्काने उघडले. अक्का माझी मोठी बहीण, एक्याऐंशी वर्षांची. नवरा गेल्यावर शिरपूरकडचे सासर सोडून ती माझ्याकडे राहायला आली. मला सांभाळायला, असे ती म्हणते. प्रियलने मला वाकून नमस्कार केला आणि काळजीने विचारले की मी आजारी होतो का, पत्राचे उत्तर आले नाही म्हणून. मी हो म्हणालो.

"याला कसला आजार?" अक्का पाण्याचे तांबे आणत म्हणाली. "याला एकच आजार. तोंड आहे, पण उघडत नाही. डॉक्टरला जीभ दाखवायची म्हटलं तरी विचार करतो."

प्रियलला मला बांधकाम दाखवायला न्यायचे होते. मी कारणे शोधत होतो, तोवर अक्काने माझी टोपी आणि गोळ्यांची डबी आणून हातात दिली.

पारोळा मागे पडेपर्यंत प्रियल मला कचेरीचा नकाशा समजावत होती. एरंडोल आले तेव्हा तिने मिठाचे विचारले. मी म्हणालो, "प्रत्यक्ष पाहून सांगतो." बत्तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी अडवले की मी हेच वाक्य म्हणत असे. ते ऐकून माणसे आश्वस्त होतात, याचे मला अजून नवल वाटते. अर्पित गाडी चालवत होता. त्याने हसत सांगितले की जळगावात सगळे त्याची चेष्टा करतात. अर्पितने म्हणे ऑफिसचे सगळे नियम धाब्यावर बसवले, आणि आता स्टाफसुद्धा बसवणार.

जागा आली तशी मी गाडीतून उतरून आधी इमारतीला एक फेरी मारली. इमारत झाडांना वळसा घालत गेली होती, गर्दीतून वाट काढणाऱ्या सभ्य माणसासारखी. उत्तरेची बाजू जवळजवळ पुरी झाली होती आणि तिथे काम सुरूही होते. वर तात्पुरती ताडपत्री होती. वेगवेगळ्या उंचीचे ओटे होते, कोणी मांडी घालून बसले होते, कोणी पाय सोडून. टेबलांना हातगाडीसारख्या मुठी होत्या. ऊन सरकले की दोघे मिळून टेबल ढकलत सावलीत नेत, आणि संगणकावरची नजर काढत नसत. रुची नावाची एक मुलगी झाडाखाली फोनवर फैजपूरच्या केळीवाल्याशी बोलत होती. दुपारनंतर वारा सुटेल, असे ती सांगत असतानाच तिच्या मांडीवरचे कागद उडाले. ती म्हणाली, "भाऊ, सुटला बघा. आमच्याकडे आला, तुमच्याकडे येतोच आहे." मला वाटले, मी शिकवत होतो तेव्हा अशी एक जागा असती, तर कदाचित मीही फळ्याकडे तोंड करून बोललो नसतो. अर्थात हे माझे म्हणणे. मुलांना विचारले तर ती म्हणतील, फळ्याकडे होते तेच बरे होते.

प्रियलचे आजोबा ज्ञानचंदजी मोठ्या कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. इमारतीच्या आत ते अजून गेले नव्हते. छत चढल्याशिवाय जाणार नाही, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मला शेजारी बसवून घेतले. त्यांच्या पलीकडे पडवीत पोती रचलेली होती. मी मोजली, अकरा. त्यांवर खडे मीठ असे लिहिले होते, आणि खालची फरशी ओली झाली होती.

"सर, मी शिकलेला नाही," ते म्हणाले. "डाळ हातात घेऊन बघतो, मग घेतो. ही माती मला हातात घेऊन कळत नाही. नातीचं मन आहे म्हणून अर्धं बांधू दिलं. पण वर एक थेंब गळला, मुलांच्या कंप्युटरवर पडला, तर हे सगळं उतरवणार. नाशिकचा माणूस तयार आहे, काचेची बिल्डिंग देतो म्हणतो. मी हिला सांगितलं, जाणकाराच्या हातचं लिहून आण. मग माती चढव. तोंडी नको. तोंडी वाऱ्यावर जातं."

प्रियल जवळच उभी होती. ती हातातल्या पेन्सिलीचे टोक बघत होती. मग हळू आवाजात मला म्हणाली, "सर, पुण्याचं ऑफिस सोडून मी यासाठी आले. घरात माझ्या बाजूने एकच गोष्ट आहे, तुमचं पुस्तक."

मी म्हणालो, "मीठ जरा..."

"कमी करू का?" तिने वही उघडली.

"पाहतो," मी म्हणालो, आणि छतावर जायची शिडी धरली. पंचाहत्तराव्या वर्षी माणूस शिडी का चढतो, याचे बरेचदा हेच कारण असावे की खाली कोणीतरी प्रश्न विचारत असते.

वर एक बाई किलचण अंथरत होती. गुंताबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, चोपड्याच्याही वर. खाली तिचा नवरा सिंगा फाटे तासून देत होता आणि ती वर हाताने चाचपून एकेक जागेवर बसवत होती. फाट्यांमधून खाली बोटही जाणार नाही, असे ते काम होते. मी पान १८ वर किलचणीबद्दल लिहिले आहे. तिचे काम पाहून मला पान १८ बद्दलही शंका येऊ लागली.

मला अहिराणी समजते. बोलताना जीभ अडते. घरी वडील मास्तर, शुद्ध बोलण्याचा धाक. त्यामुळे मी पुस्तकी मराठीत विचारले की यापूर्वी तिने धाब्याचे काम केले आहे का. ती म्हणाली की लग्न झाल्यापासून दर वैशाखात चोपड्याकडच्या पाटलांच्या धाब्यांवर खारी टाकायला ते जात. आता धाबी राहिली नाहीत, म्हणून कापूस वेचायला जातात.

खारी. सदतीस वर्षांनी तोच शब्द, आणि या वेळी आजूबाजूला हसणारे कोणी नव्हते. मी आजूबाजूला पाहून घेतले. मग विचारले, "खारी म्हणजे काय?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. हा माणूस चेष्टा करतो आहे का, हे पाहत असावी.

"माटी शे आबा," ती म्हणाली. "पांढरी. नालाना काठले ऱ्हास. तठे गवत उगत नही. बकऱ्या चाटतस ती."

"मग मीठ?"

"मीठ कसाले? मीठ टाकशात ते पहिला पानीमा मीठ वाही जाई, आनि बठ्ठं धाबं चाळनी व्हयी."

मग ती शिडीवरून उतरली आणि मलाही उतरवले. इमारतीमागे शंभर पावलांवर ओहोळ होता. त्याच्या काठाला दोन खोल्यांएवढा पांढरट, उघडा तुकडा होता. भोवती सगळीकडे वाळलेले गवत, तिथे मात्र काही नाही. तिने तिथली घमेलेभर माती आणली. प्रियलच्या मिस्त्रीने नमुन्यासाठी मीठ घालून ठेवलेला मातीचा ढीग होता, त्यातलीही घेतली. दोन्ही भिजवून, मळून, तिने भाकरी थापावी तशा दोन वाट्या केल्या आणि उन्हात ठेवल्या. त्रेचाळीस अंशांत त्या वाळायला वेळ लागला नाही. मग दोन्हींत पाणी ओतले. सिंगाने चहा आणला. मी चहा पीत उकिडवा बसलो आणि दोन वाट्यांकडे पाहत राहिलो. माझा चहा अर्धा झाला तेव्हा मिठाच्या वाटीखालची जमीन काळी पडली होती. चहा संपला तेव्हा ती वाटी रिकामी होती आणि तिचा काठ ढासळला होता. खारीच्या वाटीत पाणी तसेच होते. त्यात कडुनिंबाचे एक पान पडून तरंगत होते.

आयुष्यात मी पाहिलेला हा पहिला प्रयोग, ज्याचा निकाल मला आधी माहीत नव्हता.

मी तिला विचारले की हे तिने प्रियलला का सांगितले नाही.

गुंताबाई हात झटकत उठली. "माले कोनी इचारं? पुस्तकमा लिखेल शे, म्हने."

पुस्तक मीच लिहिले आहे, एवढेदेखील मी तिला सांगितले नाही. तेवढे धैर्य असते तर सदतीस वर्षांपूर्वी हातपंपापुढून पुन्हा गेलो नसतो का?

तरी ओहोळावरून परतताना मी ठरवून निघालो. बाजेपर्यंत जायचे आणि सरळ सांगायचे. पण तिथे तोवर खुर्ची मांडली होती. पस्तीस मुलेमुली गोल उभी होती. अर्पितच्या हातात शाल आणि नारळ होता. 'खानदेशच्या वास्तुपरंपरेचे गाढे अभ्यासक' असे काहीतरी तो बोलला. शाल लोकरीची होती. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो की यंदा ऊन फार आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलांचे कामच ते होते, त्यामुळे त्यांना ते पटले असावे.

ज्ञानचंदजींनी निरोप देताना तारीख सांगितली. मजूर आखाजीला गावी जाणार, परत आले की तिसऱ्या दिवशी माती मळायला घेणार. तोवर लिहिलेले हातात हवे. नाही आले, तर नाशिकच्या माणसाला बोलावणार. मी म्हणालो, "लिहून पाठवतो."

फोन करता आला असता. प्रियलने नंबर दिला होता, माझ्या मोबाइलमध्ये तिनेच तो घालूनही दिला होता. पण फोनवर मी समोरचा बोलेल त्याला हो म्हणतो. एकदा एका बाईने मला फोनवर विम्याची योजना समजावली आणि त्या योजनेचे कागद अजून घरी येतात. शिवाय आजोबांना कागदच हवा होता. आणि कागदावर नेमके काय लिहायचे, हाच घोळ होता. मीठ नको, खारी घ्या, असे जाणकाराच्या थाटात लिहून सही ठोकली, तर काम होणार होते. नवे संशोधन म्हणून. ते मी लिहूनही पाहिले. 'अलीकडील अभ्यासात असे दिसून आले की' अशी सुरुवात केली. वाक्य फार सुंदर होते. पण कोणाचा अभ्यास, हे लिहायची वेळ आली तेव्हा पेन थांबले. आणि दुसरे खरे लिहिले, की पान ३१ मी मनाने रचले, तर ज्ञानचंदजी म्हणणार की लिहिणाऱ्यालाच माहीत नाही, मग कशाला हे मातीचे खूळ? प्रियलच्या बाजूने असलेली एकच गोष्टही मीच काढून घेणार. असा मी दोन्हीकडून अडकलो. मी पाच दिवस लिहिले आणि पाच दिवस फाडले.

आखाजीच्या दोन दिवस आधी अक्का पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. कागद फाडल्याचा आवाज ऐकून तिने विचारले की कसले एवढे लग्नपत्र लिहितो आहेस. मी तिला सांगितले. सगळेच. हातपंप, छत्री, दोन टक्के, दोन वाट्या, शाल.

अक्का हसली. अशी की तिला डाळीचे ताट खाली ठेवावे लागले.

"मीठ?" ती म्हणाली. "अरे, धाबं म्हणजे काय कैरीचं लोणचं? चाळीस वर्षं मी धाब्याखाली संसार केला. दर वर्षी डोक्यावरून खारी वाहिली. पंचवीस वर्षं तुझ्या घरात आहे. मला का नाही विचारलंस?"

मी म्हणालो, "तुला माहीत असेल असं वाटलं नाही."

हे बोललो आणि मलाच ऐकू आले. अक्काला लागले असावे. तिने डाळीचे ताट पुन्हा मांडीवर घेतले. मग म्हणाली, "त्या बाईबद्दलही कोणाला तसंच वाटलं असेल. तू फार शिकलास, तोताराम. पण डोळ्यांनी काय पाहिलंस, ते सांगायला शिक्षण लागत नाही. कोर्टात साक्षीदार काय शिकलेला असतो?"

मी खोलीत गेलो. या वेळी मायना अडला नाही. लिहिलेले पत्र फार मोठे नव्हते, म्हणून इथे देतो.

'चि. प्रियल, तुझ्या जानेवारीच्या पत्राचे उत्तर. मीठ खडे नको, दळलेले नको, कुठलेच नको. पान ३१ वरचे मिठाचे प्रमाण मी कोणाला विचारून लिहिलेले नाही. खारी हा शब्द ऐकला, त्याचा अर्थ मला कळला नाही, आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून मी मीठ लिहिले. मी आजारी नव्हतो. उत्तर न देण्याचे कारणही हीच लाज. खारी म्हणजे ओहोळाच्या काठची पांढरी माती. ती तुझ्या जागेमागेच आहे. हे मला तुमच्याकडे छतावर काम करणाऱ्या गुंताबाईंनी सांगितले. त्यांनी लग्नापासून कितीतरी वैशाख धाब्यांवर खारी टाकली आहे. किती बोटे जाडीचा थर, कुठे उतार, पन्हाळी किती, हे त्यांना विचारावे आणि त्या सांगतील ते तू लिहून घ्यावेस. माझ्या पुस्तकातली बाकीची पानेही त्यांना वाचून दाखव. आणखी चुका निघाल्या तर मला कळव, मी आता उत्तर देईन.

तुझ्या आजोबांना लेखी हवे आहे. जाणकार म्हणून मी सही करू शकत नाही, कारण मी तो नाही. पण खालील गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली: गुंताबाईंनी एक वाटी मिठाच्या मातीची आणि एक खारीची केली. दोन्हींत पाणी ओतले. एक कप चहा संपेपर्यंत मिठाची वाटी गळून रिकामी झाली. खारीच्या वाटीतले पाणी कमी झाले नाही. आजोबांना विनंती की हा प्रयोग त्यांनी स्वतः बाजेवर बसून, डाळ बघतात तसा, हातात घेऊन करून पाहावा. मी फक्त साक्षीदार आहे, आणि साक्षीदार म्हणून सही करत आहे.'

खाली सही केली आणि 'साक्षीदार' असे लिहिले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी नावाखाली 'अधिव्याख्याता' लिहीत आलो. तेव्हा हात इतका स्थिर नव्हता, असे म्हणायचा मोह होतो. पण तसे नाही. 'क्ष' जरा वाकडा आला.

अक्काने पत्र वाचायला मागितले. चष्मा लावून सगळे वाचले आणि विचारले, "त्या म्हाताऱ्याला 'बाजेवर बसून' कशाला लिहिलंस? तो काय कायम बाजेवरच बसलेला असतो?" मी म्हणालो, हो. मग तिने पत्र परत दिले आणि अकराच्या आत जायला सांगितले, म्हणजे आजच्या टपालात जाईल.

टपाल कचेरीत स्पीड पोस्टच्या खिडकीपुढे सणाआधीची रांग होती. माझ्यापुढे राख्या पाठवाव्यात तशा उत्साहाने कोणी सांजोऱ्यांचे खोके पाठवत होते. रांगेत उभे असताना एक शंका आली: गुंताबाईंचे नाव लिहिले, पण त्यांना विचारले नाही. पुन्हा न विचारता लिहिले. मी रांगेतून बाहेर आलो, भिंतीला टेकून पाकीट उघडले आणि खाली एक ओळ जोडली: 'गुंताबाईंचे नाव मी त्यांना न विचारता लिहिले आहे, तेव्हा हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवावे, आणि त्या हो म्हणाल्या तरच आजोबांना द्यावे.' डिंकाने पाकीट पुन्हा चिकटवले. डिंक बोटांना लागला. रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो.

खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनावर ठेवले आणि आत काय आहे असे विचारले.

"उत्तर," मी म्हणालो.

तिने वर न पाहता 'कागदपत्र' असे टाइप केले, पावती फाडून दिली आणि पाकिटावर शिक्का मारला. पाकीट मागच्या टोपलीत पडले. ते मला दिसत होते, वरच होते, डिंकाची बाजू उघडलेली नव्हती. मी तिथेच उभा होतो.

"आबा, सरका ना," मागचा म्हणाला.

मी सरकलो.